ग्लेन टिप्टनची तीन गाणी

शंकेखोर : ग्लेन टिप्टनचा विषय निघाला की तुम्हा मेटलवाल्यांचा गळा दाटून येतो. झुंजार, जिद्दी, आजारावर मात करणारा, अशी विशेषणं ठरलेलीच. मला त्यातलं एकही पटत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये जुडास प्रीस्ट या त्याच्या मेटल बँडने निवेदन काढलं. आमच्या गिटारिस्टला दहा वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं होतं, आता दौऱ्याची दगदग त्याला झेपणार नाही, त्याच्या जागी अँडी स्नीप वाजवेल. पुढच्याच महिन्यात 'फायरपॉवर' हा अल्बम आला आणि दौराही ठरल्याप्रमाणे सुरू झाला. यात मात कुठे आहे? एक माणूस आजारी पडला, जमलं तोवर त्याने काम केलं, मग बाजूला झाला. बँकेत, कारखान्यात, एसटीच्या डेपोत हे रोज घडतं. तिथे कुणी मात वगैरे म्हणत नाही, निवृत्तीचे कागद करतात. पार्किन्सनवर मात होतच नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 मध्ये या आजाराचं पहिलं नीटस वर्णन केलं, त्याला दोन शतकं उलटली. मेंदूत खोलवर डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि मेलेल्या परत येत नाहीत. लक्षणं आवरणारी औषधं आहेत, आजार थांबवणारं एकही नाही. मग ही कुस्तीच्या फडातली भाषा कशाला?

चाहता : ती भाषा मलाही नको. पण 'बाजूला झाला' हेही खरं नाही. त्याच मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या कार्यक्रमात अगदी शेवटी टिप्टन स्टेजवर आला आणि 'मेटल गॉड्स', 'ब्रेकिंग द लॉ', 'लिव्हिंग आफ्टर मिडनाइट' ही तीन गाणी वाजवून गेला. त्यानंतरही जमेल तिथे येत राहिला. नोव्हेंबर 2022 मध्ये लॉस एंजेलिसला बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळाला, तेव्हा त्याने गिटार वाजवली. 2024 च्या 'इन्व्हिन्सिबल शील्ड'च्या गाण्यांवर रचनाकार म्हणून त्याचं नाव आहे. 1947 चा जन्म, बर्मिंगहॅमजवळच्या ब्लॅकहीथचा, त्या भट्ट्या-कारखान्यांच्या पट्ट्यातला माणूस, 1974 पासून याच बँडमध्ये. तुझ्या बँकेतल्या कारकुनाला निवृत्तीनंतर अधूनमधून येऊन तीन चेक पास करायला कुणी बोलावत नाही. इथे बोलावतात, तो येतो आणि हजारो लोक त्याच तीन चेकांची वाट बघतात. मला त्या तीन चेकांबद्दल बोलायचं आहे.

शंकेखोर : बोलू. पण त्याआधी ती दहा वर्षं. कारण आता तू म्हणणार की निदान झालं 2008 च्या सुमारास, त्याच वर्षी 'नॉस्ट्राडेमस' हा दुहेरी अल्बम आला, मग 2011-12 चा 'एपिटाफ' दौरा झाला, 2014 मध्ये 'रिडीमर ऑफ सोल्स' आला आणि हे सगळं जगाला पत्ता लागू न देता झालं, केवढा थोर कलावंत! मान्य. पण त्या थोरवीत दोन वाटेकरी आहेत, त्यांचं नाव घे. पहिली लेवोडोपाची गोळी. 1960 च्या दशकात ती वापरात आली आणि या आजाराचं रूपच पालटलं. सुरुवातीची काही वर्षं तिचा गुण इतका सलग मिळतो की डॉक्टर त्याला मधुचंद्राचा काळ म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर रानात ज्या खाजकुइलीच्या शेंगांना हात लागला की जीव नकोसा होतो, तिच्या बियांतही हेच द्रव्य असतं. मात्र बिया चघळून कुणी डोस ठरवू नये. आणि दुसरा वाटेकरी अ‍ॅम्प्लिफायर. हेवी मेटलचा आवाज डिस्टॉर्शनचा. त्यात हलका आणि जोराचा आघात यांतला फरक बराचसा पुसला जातो. तार जेमतेम छेडली तरी आवाज भरदार येतो. शास्त्रीय गिटार वाजवणाऱ्याचं बोट दोन धाग्यांनी कमी पडलं तरी पहिल्या रांगेला कळतं. टिप्टनकडे बोट आणि कान यांच्यामध्ये विजेची भिंत होती.

चाहता : पहिला वाटेकरी मान्य. दुसऱ्याबद्दल तू अर्धंच सांगतोस. डिस्टॉर्शन आघातातला फरक झाकतं, पण निष्काळजीपणा उघडा पाडतं. जी तार वाजायला नको ती जरा मोकळी राहिली तर तीही बोंबलते. म्हणून मेटलवाल्याच्या उजव्या हाताचं निम्मं काम आवाज काढण्याचं नसून दाबण्याचं असतं. तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर हलकेच टेकवून ठेवायची, पिक खालीवर चालू, आणि तो टेका कार्यक्रमभर केसभर सरकू द्यायचा नाही. जास्त दाबला तर आवाज मरतो, कमी दाबला तर चिखल होतो. आता हा हात आणि तुझा आजार एकत्र ठेवून बघ. न्यूरॉलॉजिस्ट तपासताना काय करायला सांगतात, पाहिलं आहेस ना? अंगठा आणि तर्जनी शक्य तितकी फाकवायची आणि मिटायची, भरभर, दहा वेळा. पहिल्या तीन-चार उघडझापा ऐसपैस होतात. मग अंतर आखडू लागतं, मध्येच एखादी अडते, आणि शेवटी दोन्ही बोटं जवळच्या जवळ चुळबुळतात. माणसाला वाटत असतं की आपण तितकीच फाकवतो आहोत. लोक पार्किन्सन म्हटलं की कापरा हात डोळ्यांपुढे आणतात. पण ते कंपन बहुतेकदा हात स्वस्थ असताना जास्त दिसतं, हात कामाला लागला की पुष्कळदा कमी होतं. गिटारिस्टचा खरा शत्रू ही आखडत जाणारी पुनरावृत्ती आहे. आणि मेटलची गिटार म्हणजे दुसरं काय? तीच हालचाल, सेकंदाला कितीतरी वेळा, पाच मिनिटं. डॉक्टरांची ती दहा वेळांची परीक्षा हा माणूस रोज रात्री दीड-दोन तास देत होता.

शंकेखोर : हे तू माझ्याच बाजूने बोललास. आजार नेमका त्याच जागी घाव घालतो जिथे या वाद्याचा प्राण आहे, तर मग श्रोत्याने काय ऐकायचं? 1990 च्या 'पेनकिलर'मधली टिप्टनची सोलो मेटल ऐकणाऱ्या पोरांना तोंडपाठ असते. स्वरन् स्वर. ती आता त्याला जमत नाही, हे बँडच्याच निवेदनात होतं. अवघड रचना वाजवणं त्याला कठीण जाईल, असं स्पष्ट म्हटलं होतं. मग तो सोप्या तीन गाण्यांना येतो आणि लोक वेडे होतात. कशासाठी? वादनासाठी नव्हे. येण्यासाठी. टाळी आणि दाद यांत फरक असतो. टाळी कुणालाही मिळते, दाद त्या जागेला मिळते. आजारी माणसाला मिळते ती टाळी, आणि एकदा ती मिळायला लागली की दाद मिळायची बंद होते. आता टिप्टन वाईट वाजवला तर कोण लिहील? कुणीच नाही. म्हणजे तो चांगला वाजवला हेही कुणी लिहू शकत नाही. समीक्षेबाहेर गेलेला कलावंत कलावंत म्हणून संपलेलाच असतो, मग भले त्याला डोक्यावर घेऊन नाचा.

चाहता : ती तीन गाणी सोपी आहेत, हे तू किती सहज म्हणालास! जरा बघ ती कुठली आहेत. तिन्ही 1980 च्या 'ब्रिटिश स्टील' अल्बममधली. मध्यम लय, रुंद कॉर्ड, मधे मोकळी जागा, आणि सगळा जोर आघात नेमक्या ठिकाणी पडण्यावर. 'मेटल गॉड्स' तर कवायतीसारखं चालतं. तिथे बोटांची चपळाई लागत नाही, वजन लागतं. तारुण्यात टिप्टन ब्रिटिश स्टील कंपनीत नोकरीला होता. तो अल्बम त्या लोखंडी आवाजातून आला. तेव्हा त्यांनी मुद्दाम रचना सुटसुटीत केल्या आणि तोच अल्बम बँडला घरोघरी घेऊन गेला. अडतीस वर्षांनी हाताला जे पेलेल ते निवडायची वेळ आली तेव्हा हाताशी आलं ते हेच. याला मी दया मिळवणं म्हणणार नाही, ही निवड आहे. आणि कलावंताची निवड समीक्षेत येते. पिकलेल्या वयाचा गवैया तारसप्तकातली जागा सोडून मंद्रात विस्तार करतो तेव्हा आपण त्याला सोपं म्हणतो का? उलट माना डोलावतो, म्हणतो, काय समज आहे!

शंकेखोर : गवैयाचं उदाहरण इथे चालत नाही आणि ते का चालत नाही हेच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे राग त्या बैठकीत घडतो. गवैयाने काय टाळलं हे श्रोत्याला फारसं कळत नाही, कारण आज काय येणार होतं हेच ठरलेलं नव्हतं. साथीला मागे शिष्य बसलेला असतो, गुरूंचा दम तुटला की तो सूर उचलतो, मैफल पुढे जाते. कुणाला फसवणूक वाटत नाही, कारण ते परंपरेचंच चित्र आहे. मेटलमध्ये सगळं आधी रेकॉर्डवर कोरलेलं असतं आणि श्रोता ते कोरीवकाम डोक्यात घेऊन येतो. तिथे उणीव मोजता येते. इतका मोजता येणारा संगीतप्रकार आणि असा हालचाल मोजून मोजून खाणारा आजार, ही गाठ क्रूर आहे. त्या क्रूरपणावर निवडीचा मुलामा देऊ नकोस.

(इथे मध्ये पडून एक सांगायला हवं. आतापर्यंतच्या बोलण्यात ज्याचं नाव एकदाच, ओझरतं आलं तो अँडी स्नीप हा या गोष्टीतला सगळ्यांत अवघड जागी उभा असलेला माणूस आहे. टॉम अ‍ॅलमबरोबर त्याने 'फायरपॉवर'ची निर्मिती केली होती, म्हणजे टिप्टनच्या गिटारचा आवाज काचेपलीकडे बसून घडवला होता. तो स्वतः जुना गिटारिस्ट. अल्बम संपतो न संपतो तोच त्याला काचेच्या अलीकडे यायला सांगितलं गेलं. त्याने चूक केली तर तो टिप्टन नाही असं लोक म्हणणार, आणि अचूक वाजवलं तर टिप्टनची नक्कल केली म्हणणार. आता पुढे.)

चाहता : क्रूर आहे, कबूल. पण तू एक गोष्ट सतत गृहीत धरतोस की त्याला थांबवलं ते बोटांनी. निवेदनात दोन गोष्टी होत्या. अवघड रचना ही एक, आणि दुसरी, जी आधी होती, ती म्हणजे दौऱ्याची दगदग. याकडे कुणी बघत नाही. लेवोडोपा घेणाऱ्या माणसाचा दिवस घड्याळाला बांधलेला असतो. काही वर्षं गेली की गोळीचा अंमल तोकडा होत जातो. अंमल आहे तोवर हात आपला, उतरला की परका. पोटभर प्रथिनं खाल्ली तर काहींना गोळी नीट लागू होत नाही, म्हणून जेवणाची वेळही सांभाळायची. डोस वाढवावा तर काही वर्षांनी अंगाला नको असलेल्या हालचाली सुरू होतात. आता दौरा म्हणजे काय ते आठव. आज एक शहर, उद्या दुसरं, परवा घड्याळ तीन तास पुढे. विमान लांबलं, आधीच्या बँडने वेळ खाल्ला, साउंडचेक पुढे गेला. नऊच्या कार्यक्रमासाठी बेतलेली गोळी पावणेदहाला विंगेत उभं असतानाच उतरू लागते. घरच्या खुर्चीत याच माणसाचे हात दुपारी चारला उत्तम चालत असतील. म्हणजे गिटार त्याच्या हातून सुटली नव्हती, वेळापत्रक सुटलं होतं. त्याच हिवाळ्यात, जानेवारी 2018 मध्ये, गायक नील डायमंडनेही पार्किन्सनचं निदान जाहीर करून दौरे थांबवले. त्यानेही गाणं सोडलं नाही, प्रवास सोडला. हा व्यवसाय दौऱ्यावर उभा आहे, म्हणून आपल्याला वाटतं की दौरा संपला म्हणजे संगीत संपलं. तो उद्योगाचा हिशेब झाला.

शंकेखोर : हे खरं आहे आणि मला ते आवडलं. पण मग त्याच तर्काने पुढे जा ना. संगीत घरच्या खुर्चीत दुपारी चारला होत असेल, तर त्याने तिथेच राहावं. रिफ लिहाव्यात, रेकॉर्ड कराव्यात. वाजवायचं ते बँडचा दुसरा गिटारिस्ट रिची फॉकनर आणि स्नीप वाजवतील. संगीतकाराने स्वतः वाजवलंच पाहिजे असं जगात कुठे आहे? पण तुम्हाला तेही नको. तुम्हाला तो तिथे उभा हवा आहे. 2018 च्या सुरुवातीला जुना साथीदार के. के. डाऊनिंगच्या एका निवेदनातून लोकांनी असा अर्थ काढला की 'फायरपॉवर'वर टिप्टनने खरंच किती वाजवलं याची शंकाच आहे. केवढा गदारोळ झाला! बँडने ते ठामपणे फेटाळलं. मला गंमत वाटते ती अशी की रचना त्याच्या, वाक्यं त्याची, तरी बोटं कोणाची यावर चाहते हातघाईवर आले. आणि हेच चाहते जानेवारी 2022 मध्ये बँडने स्नीपशिवाय, एकाच गिटारवर, चौघांनी वाजवायचं ठरवलं तेव्हा पुन्हा खवळले. आठवडाभरात बँडला निर्णय फिरवावा लागला. म्हणजे टिप्टनची बोटं हवीत, ती नसतील तर टिप्टनची जागा भरलेली हवी, आणि शेवटी टिप्टनही दिसायला हवा. या तिन्हीतलं संगीत नेमकं कुठलं?

चाहता : तो 2022 चा गोंधळ माझ्या मते चाहत्यांच्या शहाणपणाचा पुरावा आहे. एकच गिटार ठेवणं हा आदर वाटला असेल, की टिप्टनची जागा कुणी घेऊ नये. पण जुडास प्रीस्टचा शोधच मुळी दोन गिटारींचा आहे. डाऊनिंग आणि टिप्टन यांनी सत्तरच्या दशकात दोन गिटारी एकमेकींच्या अंगावर धावून जातात, मग एका सुरात येतात, असा जो प्रकार बांधला, तो पुढे अख्ख्या मेटलने उचलला. टिप्टनचं सर्वांत मोठं काम कुठली एक सोलो नाही, ही दोघांची बांधणी आहे. दुसरी गिटार काढून टाकली असती तर त्याच्या नावाने त्याचंच काम मोडलं असतं. लोक खवळले ते बरोबरच होतं. तू विचारतोस संगीत कुठलं. मला वाटतं ते दोन गिटारींच्या मधल्या अंतरात आहे, आणि ते अंतर स्नीपने राखलं. तो मागे बसलेला शिष्यच आहे, परंपरा वेगळी असली तरी.

शंकेखोर : शिष्य बाजूला ठेव, तो मुद्दा झाला. 'दिसायला हवा' याचं उत्तर तू टाळलंस. ते देण्याआधी गायक ऑझी ऑस्बॉर्न आठव. तोही बर्मिंगहॅमचा, त्यानेही जानेवारी 2020 मध्ये पार्किन्सन जाहीर केला. 5 जुलै 2025 रोजी व्हिला पार्कवर सिंहासनावर बसून शेवटचं गायला. उठता येत नव्हतं. अख्खं मैदान रडत होतं. 22 जुलैला गेला. त्या संध्याकाळी स्वर कुठे लागला, कुठे नाही, हे बोलण्याची कुणाची हिंमत नव्हती, आणि बोलायची गरजही नव्हती, कारण तो निरोप होता, कार्यक्रम नव्हता. चालेल. निरोप एकदा घेता येतो. टिप्टनचा निरोप 2018 पासून चालू आहे. दर वेळी तीन गाणी, दर वेळी डोळे पुसणं. मला गायिका लिंडा रॉन्स्टॅटचा मार्ग जास्त स्वच्छ वाटतो. गळा ऐकेना म्हणून ती 2009 मध्ये थांबली. कारण काय ते तिला तेव्हा ठाऊकही नव्हतं. पार्किन्सन असल्याचं तिने 2013 मध्ये सांगितलं आणि पुढे ते निदानही बदललं, त्याच कुळातला दुसरा आजार निघाला. तिने लोकांपुढे अपुरा आवाज ठेवला नाही.

चाहता : तिचा आवाज अपुरा नव्हता, गेलाच होता. तिच्यापुढे पर्याय नव्हता, आणि जिथे पर्याय नाही तिथे स्वच्छपणाचं श्रेय देता येत नाही. टिप्टनपुढे रोज पर्याय असतो, आज जमेल की नाही जमेल. म्हणूनच तुला ते गढूळ वाटतं. आणि तो दिसायला का हवा, तर माझं उत्तर असं. या आजाराच्या माणसांना दडून बसायची सवय लागते. चारचौघांत चहाचा कप उचलायचा म्हटलं तरी आधी विचार, कारण बशी वाजते. सही लहान होत जाते म्हणून बँकेत जायला नको वाटतं. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, मग घरचेच म्हणतात, तुम्हाला कशाचं काही वाटतच नाही! अशा माणसाने हजारो लोकांपुढे, प्रखर दिव्यांत, आपला हात वाद्यावर ठेवायचा. शिवाय ताल आणि हा आजार यांचं नातं जुनं आहे. 1990 च्या दशकात मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ठरावीक ठेका ऐकवला तर अडखळणारी चाल सुधारते. ब्रुकलिनमध्ये 2001 पासून मार्क मॉरिसच्या नृत्यसंस्थेत या रुग्णांचे वर्ग चालतात, पुण्यात ऋषिकेश पवार यांनी तसे वर्ग घेतले. डोक्यातली घडी विस्कटते तेव्हा बाहेरचा ठेका आधार देतो. ड्रम मागे असताना टिप्टनचा हात कदाचित एकट्या खोलीतल्या हातापेक्षा जास्त त्याचा असेल.

शंकेखोर : इथे मात्र मी तुला अडवणार. ठेक्याने चाल सुधारते, नृत्याने बरं वाटतं, हे मला मान्य आहे, रुग्णांनी जरूर जावं. पण तू नकळत काय केलंस? 'ब्रेकिंग द लॉ'ला फिजिओथेरपीच्या टेबलावर झोपवलंस. वादन उपचार म्हणून चांगलं असेल तर ते चांगलं वादन असण्याची गरज उरत नाही. आणि कलावंताचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही. टिप्टनने पन्नास वर्षं गिटार तब्येतीसाठी वाजवली नाही. त्याला त्या रुग्णांचा प्रतिनिधी करून तू त्याच्या हातातली गिटार काढून फलक देतोस. फलक धरणारे असावेत. त्याच्या नावाने संशोधनासाठी निधी उभा राहतो आहे, तेही उत्तम. फक्त त्याला वादन म्हणू नका.

चाहता : मग दहा वर्षं तो गप्प का राहिला, याचं तुझ्याकडे काय उत्तर? मला ते इथेच दिसतं. 2008 च्या सुमारास जाहीर केलं असतं तर पुढच्या प्रत्येक कार्यक्रमात लोकांनी सोलो ऐकली नसती, हात शोधला असता. थरथरतो का, अडला का. तू ज्याला दाद म्हणतोस ती त्याच दिवशी बंद झाली असती. त्याने ती दहा वर्षं स्वतःकडे ठेवली. तुझी समीक्षा त्याने तुझ्यापेक्षा जास्त सांभाळली. आणि बघ, जाहीर झाल्यापासून आपण मागे जाऊन 'एपिटाफ'चे व्हिडिओ डॉक्टरसारखे बघतो. तेच वादन, तेच स्वर, आता त्यांत लक्षणं दिसायला लागली. आजार टिप्टनला झाला, पण ऐकणं आपलं बिघडलं.

शंकेखोर : हे बोचणारं आहे. पण गप्प राहण्यालाही किंमत असते, आणि ती त्याच बँडमध्ये दुसऱ्याने सांगितली. रिची फॉकनर, वयाने टिप्टनचा मुलगा शोभेल असा. सप्टेंबर 2021 मध्ये लुइव्हिलला 'पेनकिलर' वाजवत असताना त्याची महाधमनी फाटली. दहा तासांच्या आसपास शस्त्रक्रिया चालली, वाचला, परत आला. विजयाची गोष्ट म्हणून ती जगभर छापली गेली. मग 2025 मध्ये त्याने सांगितलं की त्यानंतर मेंदूला झटका बसला होता, उजव्या हातावर परिणाम राहिला आहे आणि हे लपवून रोज स्टेजवर उभं राहण्याचं ओझं सहन होत नव्हतं. विचार कर. दोन गिटारींच्या या बँडमधल्या दोन्ही अधिकृत गिटारिस्टांचे हात आता मेंदूशी भांडत आहेत. एकाने लपवलं म्हणून त्याला दाद मिळत राहिली, दुसरा लपवून थकला. दोघांपैकी कुणाचं बरोबर, मला ठरवता येत नाही. पण एवढं दिसतं की आपण ज्याला परिपूर्ण वादन म्हणतो, तिथे पडद्यामागे कुणीतरी काहीतरी दडपत असतं आणि आपण श्रोते त्याचा तगादा लावतो. माझी तक्रार पहिल्यापासून टिप्टनबद्दल नव्हतीच, आपल्याबद्दल होती.

चाहता : मग आपलं भांडण तेवढ्यापुरतं मिटलं, बाकीचं नाही. कारण मी अजूनही म्हणेन की नेवार्कची ती तीन गाणी वादनच होती. ती ऐकताना 1980 ची रेकॉर्ड शेजारी ठेवून मोजणारा माणूसही हवा, आणि तो मोजून झाल्यावर 'कमी आहे' एवढंच म्हणून थांबू नये, 'काय निवडलं' हेही त्याने सांगावं.

शंकेखोर : आणि मी म्हणेन, जोवर 'कमी आहे' असं मोठ्याने म्हणायची मुभा नाही, तोवर 'काय निवडलं' हेही खरेपणाने सांगता येणार नाही. ती मुभा टिप्टनच देऊ शकतो, आणि ती मागायला कोण जाणार? शिवाय स्नीपचा हिशेब राहिलाच. 2018 पासून रोज रात्री ती दुसरी गिटार तोच वाजवतो, टाळ्या मात्र शेवटच्या तीन गाण्यांना.

चाहता : तो हिशेब बँडनेच आपल्या पद्धतीने लिहून ठेवला आहे. 'इन्व्हिन्सिबल शील्ड'चा निर्माता म्हणून स्नीपचं नाव अल्बमवर आहे. बँडच्या सदस्यांत मात्र टिप्टन आहे, आणि स्नीप दौऱ्यापुरता.